परदेशातली जुनी दुनळी रायफल नागपुरात आणता येते का? कायदा काय म्हणतो, आणि घरात पडून असलेल्या आजोबांच्या बंदुकीचं काय करायचं?

नंदनवन (नागपूर) : लंडनच्या लिलावगृहांची पानं आता कोणाच्याही मोबाईलवर उघडतात. शंभर वर्षांपूर्वीची दोन नळ्यांची शिकारी रायफल, अक्रोडाचा दस्ता, पोलादावर बारीक नक्षी, आणि खाली वर्णनात एक ओळ : 'अँटिक आहे, परवाना लागत नाही.' नंदनवनातला नोकरदार असो की उमरेड, कुही, भिवापूरकडच्या जुन्या मालगुजार घराण्यातला शेतकरी, ही ओळ वाचली की शौकीन माणसाला वाटतं, पैसे जमवले की झालं काम.

ती ओळ तिकडच्या कायद्यानं खरी असेलही. पण रायफल भारताच्या हद्दीत आली की तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडे बंदुकीचं वय विचारत नाहीत, ती चालते का एवढंच विचारतात. चालत असेल, किंवा दुरुस्त करून चालू शकत असेल, तर ती १९०५ ची असो की २०२५ ची, परवाना लागतोच. आणि परदेशातून विकत घेऊन आणण्याची वाट सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे.

हे माहीत नसल्यानं दोन प्रकारचं नुकसान होतं. कोणी आगाऊ पैसे पाठवून फसतो. आणि कोणाच्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या माघारी बंदूक तशीच पडून राहते, मग एक दिवस तीच गुन्ह्याचं कारण बनते. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

दुनळी रायफल म्हणजे नेमकं काय?

गावात 'दुनळी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बारा बोअरची छऱ्याची बंदूक. तिच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. दुनळी रायफल दिसायला तशीच, पण दोन्ही नळ्यांच्या आत पीळ कोरलेला असतो. त्यामुळे एकच जड गोळी गरगर फिरत सरळ जाते. दोन नळ्यांना दोन स्वतंत्र घोडे, दोन स्वतंत्र कळा. एक बिघडली तरी दुसरी चालते, आणि पहिला बार झाल्यावर दुसऱ्यासाठी हात हलवावा लागत नाही. जखमी वाघ किंवा गवा अंगावर आला तर हा क्षणभराचा फरक जीव वाचवायचा.

ही रायफल महाग का, तर दोन नळ्या एकाच ठिकाणी गोळी टाकतील अशा जुळवणं फार किचकट. कारागीर बार काढून पाहतो, डाख वितळवून नळ्या किंचित सरकवतो, पुन्हा बार काढतो. हे जुळेपर्यंत चालतं. ही जुळणी एका ठरावीक काडतुसासाठीच असते. काडतूस बदललं की दोन गोळ्या दोन दिशांना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, जेफ्री ही यातली इंग्लंडमधली मोठी नावं. जिम कॉर्बेट यांच्याकडेही जेफ्रीची .४५०/४०० बोअरची दुनळी रायफल होती.

विदर्भाशी तिचा काय संबंध?

संबंध जवळचा आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होती. पेंच, नागझिरा, मेळघाट, ताडोबा हा सगळा भाग इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि बड्या मालगुजारांच्या शिकारीचा. रायफली यायच्या इंग्लंडहून जहाजानं. कलकत्त्याच्या मॅन्टन, रोडा अशा पेढ्या त्या विकायच्या. याच रोडा पेढीचा माल २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी पळवला होता. त्यात ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं होती.

सरकारला आयात बंदुकीची भीती त्याआधीपासूनच होती. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली आणण्यावर बंदी घातली. कारण असं की लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी याच मापाची. शिकारीच्या नावानं आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडला तर? मग इंग्लंडच्या कारखानदारांनी वेगळी मापं काढली. .४६५, .४७०, .४७५ ही आज जगभर नावाजलेली मापं त्या बंदीच्या काळात पुढे आली. म्हणजे लिलावात लाखोंनी बोली लागणाऱ्या या रायफलींचं माप ठरण्यात भारतातल्या एका बंदीचा मोठा हात आहे.

पुढे दिवस बदलले. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकार बंद झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकार संपली, पण बंदुका घरातच राहिल्या. काही विकल्या गेल्या, काही पोलीस ठाण्यात जमा झाल्या, काही अजून वाड्यातल्या लोखंडी कपाटात आहेत.

'जुनी आहे म्हणजे मोकळी' हा समज कुठून आला?

परदेशी कायद्यांतून. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यानं 'अँटिक' समजली जाते. इंग्लंडमध्ये बाजारातून गेलेल्या जुन्या काडतुसांच्या मापांची सरकारी यादी आहे. त्या मापाची जुनी बंदूक केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवली तर तिथे परवाना लागत नाही. काळ्या दारूच्या जमान्यातल्या कितीतरी दुनळी रायफली त्या यादीत बसतात.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण अट कडक आहे. शस्त्र जुन्या धाटणीचं, पुराण मोलाचं किंवा मोडकं असावं, आणि ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. यातला 'दुरुस्त करून' हा शब्द महत्त्वाचा. घोडा गंजलाय, दस्ता तुटलाय, काडतूस मिळत नाही, एवढ्यानं सूट मिळत नाही. चांगला कारागीर ती चालू करू शकत असेल तर कायद्यापुढे ती बंदूकच.

आणि हे ठरवायचा अधिकार आपला नाही. 'आमची तर शोभेची आहे हो' असं म्हणून भिंतीवर टांगण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. गावातल्या लोहाराकडून नळीला भोक पाडून घेतलं म्हणजे बंदूक निकामी झाली, असंही कायदा मानत नाही. उलट शस्त्रात परस्पर फेरफार केल्याचा प्रश्न उभा राहतो.

परदेशातून आणायची वाट कोणाला उघडी आहे?

शस्त्र कायद्याच्या कलम १० प्रमाणे परवान्याशिवाय कोणतंही शस्त्र भारतात आणता येत नाही. शिवाय परकीय व्यापाराच्या धोरणात बंदुकांची आयात 'निर्बंधित' आहे. म्हणजे घरच्या बंदुकीचा परवाना खिशात असला तरी तो परदेशातून माल मागवण्याचा परवाना होत नाही. दोन्ही वेगळे.

मग कोणाला आणता येते?

पहिला, नावाजलेला नेमबाज खेळाडू किंवा रायफल क्लब. तेही क्रीडा खात्याच्या शिफारशीनं आणि स्वतःच्या वापरासाठी. स्पर्धेत लागणारी शस्त्रं ठरलेली असतात. वाघाच्या शिकारीची .४७० दुनळी त्यात बसत नाही, म्हणून या वाटेनं ती आणायचा विचार सोडून द्या.

दुसरा, परदेशात राहून कायमचा भारतात परतणारा माणूस. यालाच कस्टमच्या भाषेत निवास बदल म्हणतात. अशा माणसाला एक बंदूक आणता येते. एकच. अटी अशा :

- बंदूक परदेशात किमान एक वर्ष त्याच्या स्वतःच्या ताब्यात आणि वापरात असली पाहिजे.
- ती सामान्य परवान्यात बसणाऱ्या बोअरची असावी.
- भारतातला वैध शस्त्र परवाना हाती हवा.
- कस्टम ड्युटी भरावी लागते. बंदूक ड्युटीमाफीच्या सामानात मोजत नाहीत.
- आणल्यावर ती हयातभर विकता, देता किंवा उसनी देता येत नाही.

शेवटची अट नीट वाचा. अमेरिकेतला भाचा परत येतोय, त्याच्या नावावर आपल्यासाठी एक घेऊन ये म्हणू, असा बेत कोणी करत असेल तर तो इथेच मोडतो. येताना विमानतळावरून घेतलेली बंदूक चालत नाही, कारण एक वर्षाचा ताबा दाखवावा लागतो. आणून मामाला दिली तर भाचा अडकतो, मामाही अडकतो.

याशिवाय ज्या देशातून ती निघते तिथलेही नियम असतात. इंग्लंड, अमेरिकेतून शिकारी रायफल बाहेर काढायला तिथल्या सरकारची निर्यात परवानगी लागते. तिथला जाणकार विक्रेता भारतातले कागद आधी मागतो. जो मागत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्या.

आगाऊ पैसे मागितले की सावध व्हा

सोशल मीडियावर 'विलायती दुनळी, घरपोच, कागदपत्रांसह' अशी जाहिरात दिसली तर एवढं ध्यानात ठेवा. या देशात बंदूक कुरिअरनं घरपोच येत नाही. परवानाधारक दुकान आणि परवाना देणारं कार्यालय यांच्या नोंदीशिवाय कायदेशीर हस्तांतरण होत नाही.

फसवणुकीची चाल ठरलेली असते. आधी बयाणा. मग 'माल मुंबई कस्टममध्ये अडकला, ड्युटी भरा.' मग दंड, मग वकिलाची फी. कस्टमची ड्युटी कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा फोनवरच्या क्यूआर कोडवर भरत नसतात. आणि यात अडकलेला माणूस तक्रार करायलाही कचरतो, कारण त्यानं मुळात विनापरवाना बंदूक मागवलेली असते. ठगाचा सगळा भरवसा त्या भीतीवर असतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. उशीर झाला की रक्कम गोठवणं कठीण होतं.

आणि चुकून खरंच बंदूक आली तर? विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, वर दंड. कस्टम कायद्याखाली जप्ती वेगळी.

आणली, पण काडतूस?

ही अडचण शौकिनांच्या फार उशिरा लक्षात येते. भारतात नागरी वापरासाठी .३१५ आणि बारा बोअरची काडतुसं बनतात. .४७० किंवा .४६५ ची बनत नाहीत. या मापांची काडतुसं बनवणारी इंग्लंडची किनॉक कंपनी १९६० च्या दशकात त्या धंद्यातून बाहेर पडत गेली. पुढे त्याच नावानं दुसऱ्यांनी उत्पादन सुरू केलं, पण तो माल इथे सहज येत नाही. काडतुसाच्या आयातीवरही बंधनं आहेतच.

वर सांगितलं ते आठवा. दोन नळ्या ठरावीक काडतुसासाठी जुळवलेल्या असतात. घरी काडतूस भरून बघू, दारू थोडी कमी-जास्त करू, हे बेकायदा तर आहेच, पण जीवघेणंही आहे. शंभर वर्षं जुनी नळी, आतून गंज खाल्लेली, आणि दारू अंदाजानं. फुटली तर हात जातो.

शेतात रानडुक्कर आणि रोही धुडगूस घालतात, त्यासाठी जुनी रायफल बरी पडेल असंही काही जण म्हणतात. तेही खरं नाही. पीक संरक्षणाच्या परवान्यात साधी गुळगुळीत नळीची बंदूक येते, रायफल नाही. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारलं तर वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळा.

मग शौक करूच नये का?

करावा, पण देशातल्या देशात. आयात बंद असल्यानं भारतात पूर्वीच आलेल्या रायफली परवानाधारकांमध्ये हात बदलतात. कायदेशीर रस्ता असा :

आधी परवाना. अर्जाला पोलीस अहवाल, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. परवान्यावर युनिक नंबर, म्हणजे यूआयएन, असतो. विकणाऱ्याच्या परवान्यावरही तो आहे का, ते पाहा.

मग बोअर तपासा. .३०३ सारखी लष्करी मापं प्रतिबंधित आहेत, ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. नळीवर कोरलेलं माप, बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि परवान्यातली नोंद अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. एका आकड्याचा फरकही पुढे डोकेदुखी होतो.

खासगी माणसाकडून घेत असाल तर विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं. त्यानंतर ४५ दिवस थांबूनच हस्तांतरण करता येतं. 'आज पैसे द्या, आजच घेऊन जा' हा व्यवहार कायद्यात नाही.

आणि मोजून दोनच. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा आली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती जमा करायला १३ डिसेंबर २०२० पर्यंत मुदत होती. वारशानं आलेल्या बंदुकीलाही ही मर्यादा लागू आहे. घरात बारा बोअर आणि .३१५ आधीच असेल तर दुनळीसाठी त्यातली एक सोडावी लागेल.

आजोबा गेले, बंदूक घरात आहे. आता?

तालुक्यांत हा प्रश्न आयातीपेक्षा जास्त घरांत आहे. परवाना हा माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक वारला की त्या दिवसापासून घरातल्या इतरांचा बंदुकीवरचा ताबा बेकायदा ठरू शकतो. तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं, वाटणी व्हायची आहे म्हणून बंदूक कपाटातच, असं करू नका.

कलम २१ सांगतं की अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानात जमा करायची. पावती घ्या. पावतीवर बनवणाऱ्याचं नाव, बोअर आणि क्रमांक लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. नुसतं 'एक दुनळी बंदूक' लिहिलेली पावती घेऊन परत येऊ नका. नामी कारागिराची रायफल आणि साधी छऱ्याची दुनळी त्या दोन शब्दांत सारखीच दिसते.

जमा केली म्हणजे हातची गेली, असं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. कायदेशीर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो, मुलगा असो की मुलगी. बाकी वारसांची ना-हरकत लागते, म्हणून भावंडांत वाद असेल तर आधी तो मिटवा. परवानाधारक हयात असताना, त्याचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली असतील, तर तो स्वतःच वारस सुचवू शकतो. आजोबा हिंडते-फिरते आहेत तोवर हे काम करून घेणं सगळ्यात सोपं.

मात्र जमा केल्यावर विसरू नका. ठरलेल्या मुदतीत परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर ती सरकारजमा करण्याचा आदेश निघू शकतो. निवडणुकीत आचारसंहितेच्या वेळी जमा केलेल्या बंदुकीचंही तसंच. निकाल लागला की पावती दाखवून घेऊन या.

परदेशात विकून पैसे करता येतील?

तिकडच्या किमती पाहून हा विचार येतोच. पण बंदूक देशाबाहेर काढायलाही कलम १० चा परवाना लागतो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलेच्या मोलाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. पुरावस्तू खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. तेव्हा 'तुमची रायफल लंडनला पोचवतो' म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

कुठे जायचं?

नंदनवन आणि नागपूर शहरातल्या लोकांनी पोलीस आयुक्त कार्यालयात. कामठी, हिंगण्यासारखे आयुक्तालयाच्या हद्दीतले भागही तिकडेच. उमरेड, भिवापूर, कुही, मौदा, रामटेक, पारशिवनी, सावनेर, कळमेश्वर, काटोल, नरखेड इथल्या लोकांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत. आपलं गाव नेमकं कोणत्या हद्दीत येतं हे स्थानिक ठाण्यात विचारून घ्या, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

जाताना मूळ परवाना, बंदुकीच्या नळीवरच्या खुणांचे फोटो, मृत्यू दाखला, वारसांचे कागद आणि जमा पावती सोबत ठेवा. बंदूक मात्र घेऊन जाऊ नका. ती कधी आणि कुठे आणायची, ते आधी विचारा.